ड्रायव्हर तपासायला चिप हातातच हवी का?

नांदेड-लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षं ऐकू येतं, "चिपच नाही, तर लिनक्सचा ड्रायव्हर काय तपासणार?" हे खरं नाही. ड्रायव्हर म्हणजे चिप चालवणारा कोड, आणि कोड वाचूनही तपासता येतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कोडमधल्या बदलाला जोडायच्या 'टेस्टेड-बाय' (चालवून तपासलं) आणि 'रिव्ह्यूड-बाय' (वाचून तपासलं) या नोंदी मुद्दाम वेगळ्या आहेत; दुसरीसाठी कोड बारकाईनं वाचलेला लागतो, उपकरण चालवलेलं नव्हे.

प्रोब फंक्शन घ्या, म्हणजे उपकरण सापडल्यावर त्याची तयारी करणारा ड्रायव्हरचा भाग. आधी क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) चालू केला, मग इंटरप्ट (चिपनं प्रोसेसरला हाक मारायची सोय) मागितला, तो मिळाला नाही आणि कोड एरर देऊन सरळ परतला. क्लॉक तसाच चालू राहिला! चिप टेबलावर असली तरी ही चूक सहसा सापडत नाही, कारण तिथं इंटरप्ट बहुतेकदा मिळतोच. वाचणाऱ्याला मात्र ती दिसते. टायमिंगचे काही घोळ उपकरणाशिवाय कळत नाहीत, हे मान्य.

लेकरांनो, एखादा छोटा ड्रायव्हर उघडा आणि बघा, एरर आल्यावर शेवटी घेतलेलं आधी सोडलंय का.