मोजून बोलण्यापासून न मोजता पाहण्यापर्यंत: किशोरांच्या हातातील मोबाइलची पार्श्वभूमी

भारतातला मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत तत्कालीन दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. सुरुवातीला मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर पडे आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत, त्यामुळे सामान्य घरातल्या मुलांपर्यंत हे साधन पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांचा मोबाइल म्हणजे मिस्ड कॉलच्या खुणा, एसएमएसचे पॅक आणि दहा रुपयांचे रिचार्ज एवढाच होता. बॅलन्स संपला की बोलणे संपे. घरच्यांना न घालता आलेला लगाम पैसा घालत होता, ही बाब आजच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सुरुवातीचे काही महिने डेटा मोफत दिला, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले आणि महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी रोजचा झाला.

मुलांच्या दृष्टीने खरा बदल मात्र मार्च २०२० नंतरचा, कोरोनामुळे शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर आले तेव्हाचा आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीनुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या पुढे गेले. शहरातही ज्या घरी एकच फोन होता, तिथे तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई आणि भावंडांचे वर्ग बुडत. मग हप्त्यावर दुसरा फोन घेतला गेला. शाळा उघडल्यावरही तो परत घेता आला नाही, कारण गृहपाठ आणि शिकवणीच्या नोट्स तोवर व्हॉट्सॲपवर गेल्या होत्या. टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच, जुलै २०२० मध्ये, इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले आणि अभ्यासासाठी घेतलेल्या त्याच फोनवर उघडले. आईवडिलांना दोष देताना हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे.

पहिला घाव झोपेवर पडला. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. पडद्याच्या प्रकाशाने झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते आणि मन जागे राहते ते वेगळेच. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून एका ओळीत अंथरुणे घातली जात आणि भावंडे कुजबुजत झोपी जात. आज त्याच वयाची मुले कूलरच्या खोलीत, चादरीखाली उजेड धरून, रात्री दोनपर्यंत एकटी जागी असतात. आई हाक मारते, ‘हो’ येते, मान वर होत नाही.

संशोधन एकमुखी नाही. साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भागच डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. मात्र या सरासरीत दोन वाजेपर्यंत जागणारे मूल दिसत नाही, असे माझे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तीत गेमिंगच्या विकाराला स्थान मिळाले. तासन्‌तास रील्स पाहण्याला तिथे वेगळे नाव नाही, आणि घरात त्याची नोंद ‘हा आजकाल ऐकतच नाही’ एवढीच होते.