सरडा पळतो कधी आणि थांबतो कधी

तळहातावर डोळे मिटून निपचित पडलेला सरडा, त्याच्या डोक्यावरून फिरणारं एक बोट आणि खाली ओळ: 'बघा किती लाडात आलाय!' असे व्हिडिओ ढिगाने फिरतात. ते पाहून नवा पाळणारा धडा घेतो, की आणल्या दिवसापासून रोज हातात घ्यावं, म्हणजे सरडा आपोआप माणसाळतो. हा धडा बहुतेक वेळा उलटा पडतो. निपचित पडणं हा सरड्यांचा जुना बचाव आहे, कारण अनेक शिकारी हालचालीवरच भक्ष्य हेरतात. डोक्यावर बोट फिरताना मिटलेले डोळेही पुष्कळदा 'हे नको' एवढंच सांगत असतात. बरगड्या भराभर खालीवर होत असतील, अंग चपटं केलं असेल, रंग काळवंडला असेल, तर तो प्राणी निवांत नाही. पळायला वाट नाही म्हणून तो थिजलाय.

मग सरडा खरोखर शांत कधी होतो? त्यासाठी तो पळायचं कसं ठरवतो ते आधी पाहू. सरड्यांच्या अभ्यासातला हा सगळ्यात देखणा भाग आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळणार आहे.

शत्रू दिसला की सरडा पळत सुटतो, असा आपला समज असतो. पण पळण्यालाही किंमत मोजावी लागते. उबदार दगड सुटतो, समोरचा किडा हातचा जातो, ताकद खर्ची पडते. रोनाल्ड इडनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी १९८६ साली हा विचार नेमका मांडला: शत्रू दिसताक्षणी पळणं तोट्याचं असू शकतं, थांबण्याचा धोका पळण्याच्या खर्चाला गाठतो तेव्हाच पळण्यात शहाणपण असतं. आलेख मनात काढून पाहा. आडव्या अक्षावर शिकारी आणि सरडा यांच्यातलं अंतर, उजवीकडे जावं तसं वाढणारं. धोक्याची रेषा डावीकडे, म्हणजे शिकारी जवळ असताना, उंच असते आणि उजवीकडे उतरत जाते. पळण्याच्या खर्चाची रेषा उजवीकडे चढत जाते, कारण शिकारी फार लांब असतानाच पळणं म्हणजे विनाकारण नुकसान. दोन्ही रेषा जिथे छेदतात त्या अंतरावर सरडा धूम ठोकतो. याला पलायन-अंतर म्हणू.

आता एकेक रेषा हलवून पाहा. धोक्याची रेषा वर सरकली की छेदबिंदू उजवीकडे जातो, म्हणजे सरडा लांबूनच पळतो. खर्चाची रेषा वर सरकली, समजा त्याच्यासमोर खाणं आहे, की बिंदू डावीकडे येतो आणि सरडा आपल्याला जास्त जवळ येऊ देतो. हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. सरड्यांच्या अनेक जातींवर माणसाने ठरावीक वेगाने चालत जाऊन ही अंतरं मोजलेली आहेत. वेगाने आलात तर पलायन-अंतर वाढतं. सरळ त्याच्याच रोखाने आलात तर वाढतं. लपण लांब असेल तर वाढतं. एकूण ६६ जातींच्या तुलनेतून २०१४ साली असंही दिसलं, की बेटांवरचे सरडे मुख्य भूमीवरच्या सरड्यांपेक्षा माणसाला जास्त जवळ येऊ देतात, आणि बेट जितकं लांब तितकं हे अंतर कमी. शिकारी थोडे, म्हणून धोक्याची रेषा खाली.

यात तापमान शिरलं की खरी गंमत होते. सरड्याच्या अंगातली ऊब बाहेरून येते. अंग गार असेल तर स्नायू मंद, आणि स्नायू मंद तर पळण्याचा वेग कमी. स्टॅन्ली रँड यांनी १९६४ साली जमैकातल्या अनोल सरड्यांबद्दल नोंदवलं, की अंग जितकं गार तितका सरडा बुजरा. वेग नाही, म्हणून तो लवकर पळायला लागतो. पण मोकळ्या मैदानात, जिथे आडोसाच नाही, तिथे काय होतं? पॉल हर्ट्झ, रेमंड ह्यूई आणि एव्हियाटार नेव्हो यांनी १९८२ साली आगामा सरड्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. उबदार आगामा पळून जात. तेच आगामा गार असताना जागचे हलत नसत, तोंड वासून अंगावर येत आणि चावत. पळून सुटका नाही हे 'ठरलं', की उरतो फक्त हल्ला. घरोघरी पाळला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा याच आगामा कुळातला आहे.

आता हे सगळं टेरेरियममध्ये, म्हणजे सरडा ठेवायच्या काचेच्या पेटीत, आणून ठेवा. बिअर्डेड ड्रॅगनसाठी चांगलं टेरेरियम साधारण १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच असतं. लेपर्ड गेको या दुसऱ्या पाळीव सरड्यासाठी ९० बाय ४५ बाय ४५ चालतं. रानातल्या सरड्याचं पलायन-अंतर सहज याच्यापुढे जातं. म्हणजे नव्याने आणलेला सरडा कुठेही बसला तरी आपला हात आत आला की तो त्या अंतराच्या आतच सापडतो, आणि पळायला जागा काचेपर्यंतच. उरतात तीन मार्ग: लपणं, थिजणं, चावणं. पहिला मार्ग आपण बंद ठेवला की बाकीचे दोनच दिसणार.

म्हणून लपणं आधी, हात नंतर. किमान दोन लपणं हवीत, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. लेपर्ड गेकोला तिसरं, आत ओलसर शेवाळ किंवा ओला कागदी रुमाल घातलेलं, कात सुटायला. लपण ऐसपैस नको; आत शिरल्यावर पाठ आणि कुशी टेकतील इतकंच हवं. 'लपण काढून टाका, म्हणजे तो बाहेर राहील आणि लवकर सवय होईल' हा सल्ला हमखास मिळतो. वरचा आलेख पाहिलात तर तो का फसतो ते कळेल: लपण लांब म्हणजे धोका मोठा. लपण हाताशी असलेला सरडाच उघड्यावर जास्त बसतो.

तापमानाचं तेच. टेरेरियम प्राणी आणण्याआधी दोन-तीन दिवस चालू ठेवून आकडे स्थिर झालेत ना ते पाहावं. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि गार टोक २४ ते २७. लेपर्ड गेकोला उबदार लपणाची जमीन ३२ ते ३४, गार टोक २४ ते २६. काचेला चिकटवायचा गोल, काट्याचा तापमापक काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, सरड्याच्या पोटाखालचं नाही. तारेचा डिजिटल तापमापक किंवा इन्फ्रारेड तापमापक वापरा. उष्णतेचं प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणाऱ्या उपकरणावर. बिअर्डेड ड्रॅगनला यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळी लागतेच, आणि ती काचेपलीकडे लावून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. रात्री लाल दिवा लावू नका. सरड्यांना लाल रंग दिसतो. रात्री ऊब लागलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर.

यातून हाताळण्याचा एक नियम निघतो, जो पाळणाऱ्यांच्या गप्पांत क्वचित ऐकू येतो: बिअर्डेड ड्रॅगनला सकाळी दिवा लागल्या लागल्या हात लावू नका. गार सरडा 'झोपेत आहे, आता सोपा आहे' असं वाटतं, पण तो हर्ट्झच्या आगामासारखा कोंडीत आहे. तासभर शेकू द्या. बाहेर काढल्यावरही तो खोलीच्या हवेत गार होत जातो, म्हणून सुरुवातीच्या बैठका लहानच ठेवा.

पहिले सात ते चौदा दिवस हाताळणं नाही. पाणी बदलणं, विष्ठा उचलणं, खाणं देणं, बस्स. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहून बिअर्डेड ड्रॅगन गळ्याखालची दाढी काळी करतो आणि काचेवर नखं घासत राहतो. खाणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून द्या. पंधरा मिनिटांत न खाल्लेले रातकिडे काढून घ्या, झोपलेल्या सरड्याला ते कुरतडतात. धडधाकट प्रौढ लेपर्ड गेको शेपटीतल्या चरबीवर आठवडाभर उपाशी राहिला तर घाबरायचं कारण नाही; पिल्लाने तीन-चार दिवस तोंड लावलं नाही तर आहे. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर आठवड्याला वजन करा, डब्यासकट, म्हणजे पकडावं लागत नाही. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठा.

मग हात. प्राण्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तळवा वर करून, जमिनीला टेकलेला. पाच मिनिटं. बोटं हलवायची नाहीत, त्याच्याकडे टक लावायची नाही. पुढच्या वेळी थोडा जवळ. प्रत्येक वेळी तो दचकला ते अंतर वहीत लिहा. पलायन-अंतर मोजायची हीच घरगुती रीत. चाळीस सेंटीमीटरवर मान वळवणारा गेको काही आठवड्यांनी दहावर निवांत बसला, तर धोक्याची रेषा खाली आली. कोणत्याही गोंडस व्हिडिओपेक्षा हा आकडा जास्त खरा.

ही रेषा खाली येते ती अंगवळणी पडण्यातून: तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आणि वाईट काही झालं नाही, की प्रतिसाद मावळतो. पण याला एक उलटी बाजू आहे. उत्तेजना फार तीव्र असेल, धरून ठेवणं, पाठलाग, उलथं करणं, तर प्रतिसाद मावळण्याऐवजी भडकतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर येतो. 'रोज धरा, सवय होते' हा सल्ला फसतो तो इथे. म्हणून हाताची तीव्रता नेहमी दचकण्याच्या उंबरठ्याखाली ठेवायची. त्यातच खाण्याची जोड द्या: आधी मऊ टोकाच्या लांब चिमट्याने किडा हाताशेजारी, मग तळव्यावर. इथे खर्चाची रेषाही आपल्या बाजूने काम करते.

हात वरून का आणू नये याचं साधं कारण म्हणजे शिकारी पक्षी वरून येतात. बिअर्डेड ड्रॅगनला आणखी एक आहे: त्याच्या डोक्याच्या माथ्यावर एका खवल्याखाली तिसरा डोळा असतो. त्याला भिंग आहे, दृष्टिपटल आहे. चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. त्यातल्या एकेका पेशीत निळा आणि हिरवा उजेड परस्परविरुद्ध संदेश निर्माण करतात. गेकोंना हा डोळा नसतो. माणसालाही नाही. 'पिनियल ग्रंथी म्हणजेच तिसरा डोळा, तो जागृत करा' म्हणत शिबिरं भरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या त्या ग्रंथीला स्वतःला उजेड कळत नाही, तिला खबर डोळ्यांकडूनच येते.

उचलताना बाजूने या, छातीखाली बोटं सरकवा, चारही पाय टेकलेले हवेत. पहिल्यांदा दोन मिनिटं, हळूहळू दहा-पंधरा. खाली बसून, मांडीवर. उंचावरून पडलेल्या सरड्याची हाडं मोडतात. शेपूट कधीही धरू नका. लेपर्ड गेकोच्या शेपटीच्या मणक्यांतच तुटायच्या जागा ठरलेल्या असतात, आणि परत उगवलेल्या शेपटीत हाडाऐवजी कूर्चेचा दांडा येतो. क्रेस्टेड गेकोची शेपूट तर परत उगवतच नाही. बिअर्डेड ड्रॅगन शेपूट गाळत नाही, पण म्हणून ती ओढायची नसते.

फिसकारला की हात झटकन मागे घेणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. फिसकारलं की संकट जातं, हे तो एकदोन वेळांतच शिकतो. हात आहे तिथेच स्थिर ठेवा, तो जरा सैलावला की सावकाश काढा, आणि पुढच्या वेळी लांबून सुरू करा. हाताला किड्यांचा वास असेल तर बोटालाच खाणं समजून चावा बसतो. सरडे जिभेने वासाचे कण तोंडाच्या आत टाळूत असलेल्या जेकबसन इंद्रियाकडे नेतात आणि त्याचा कौल डोळ्यांइतकाच मानतात. लेपर्ड गेकोची शेपूट उंच होऊन संथ डुलत असेल तर तो घाबरलाय; टोक भराभर थरथरत असेल तर शिकारीच्या रंगात आहे. दोन्ही वेळा हात बाहेर ठेवा. कातडी फिकी, धुरकट दिसू लागली की कात येतेय, तेवढे दिवस हाताळणं बंद.

सगळे सरडे या वाटेने येत नाहीत. शॅमिलियन बघायचा प्राणी आहे, हातात घ्यायचा नाही. रानातून पकडलेल्या प्राण्याचं पलायन-अंतर सहसा पुरेसं खाली येत नाही, आणि असा प्राणी पाळायलाच घेऊ नये. डॉक्टरांकडची खेप, टेरेरियमची जागा बदलणं, घरात आलेलं मांजर यातून वहीतला आकडा पुन्हा वर जातो. तेव्हा तो मूळ जागी येईपर्यंत उचलणं थांबवून परत कोपऱ्यातल्या हातापासून सुरू करायचं. आणि प्रत्येक वेळी नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, कारण धडधाकट सरड्याच्या अंगावरही साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना म्हणूनच सरडा हाताळू देत नाहीत.