ठिपके मोजले, म्हणजे पतंगाची जात कळली?

छोट्या पतंगांच्या पंखांवरचे ठिपके आणि शृंगिकांवरची (डोक्यावरच्या स्पर्शिकांवरची) वलयं पाहिली की जात कळते, हा जुना समज अर्धाच खरा. इपोनोम्यूटा या काळ्या ठिपक्यांच्या पतंगांत इव्होनिमेला जातीचा पतंग ठिपक्यांच्या पाच रांगांमुळे ओळखू येतो. पडेला, मॅलिनेलस आणि कॅग्नाजेला मात्र नुसत्या ठिपक्यांवरून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. तिथे अळी कुठल्या झाडावर वाढली ते विचारावं. मॅलिनेलसची अळी सफरचंदावर वाढते.

कोलिओफोरा या छोट्या पतंगांच्या दुसऱ्या गटातली वलयांकित शृंगिका कामाची खरी, पण पुष्कळ जातींत ती सारखीच दिसते. तेव्हा जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. त्यात पतंग जुना असेल तर खवले झडलेले. मग मोजणार काय, कपाळ?