नायिका पडद्यावर चालेल, पोस्टरवर नको

डिस्नेच्या जुन्या राजकन्या सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे त्यांच्यात पुन्हा शिरायला नको. 1959 नंतर हॉलिवूडच्या या बड्या स्टुडिओनं तीस वर्षं राजकन्येची परीकथा काढली नाही. 1989 मध्ये 'द लिटल मर्मेड' काढली, तीही लग्नापाशीच थांबली. 1998 च्या 'मुलान'मध्ये बापाऐवजी मुलगी लढाईवर गेली खरी, पण त्यातलेही तीन चतुर्थांश संवाद पुरुषांच्याच तोंडी आहेत, असं भाषेच्या अभ्यासकांनी पुढे मोजून दाखवलं.

खरी वादावादी 2010 ची, तीही नावावरून. डिसेंबर 2009 मध्ये आलेल्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली राजकन्या कृष्णवर्णीय होती, वेट्रेसचं काम करत स्वतःच्या हॉटेलसाठी पैसे साठवणारी. धंदा अपेक्षेइतका झाला नाही. शीर्षकात 'प्रिन्सेस' असल्यामुळे मुलगे फिरकले नाहीत, असा निष्कर्ष स्टुडिओनं काढला. आठवड्याभरातच 'अवतार' थिएटरांत उतरला होता, याचंही काही माप दोषात घालायला हवं होतं. पण दोष गेला मुलीच्या माथी. लांबसडक केसांच्या राजकन्येवरच्या, तयार होत असलेल्या 'रॅपन्झेल'चं नाव 'टँगल्ड' झालं आणि जाहिरातींत चोर नायक पुढे आला. गोष्ट दोघांची आहे, हा खुलासा अगदीच खोटा नव्हता. तरी केसांचा दोर करणारी आणि फ्राइंग पॅननं त्याच चोराला आडवा पाडणारी रॅपन्झेलच ना? चित्रपट जोरात चालला आणि निर्णयावर शिक्का बसला.

गंमत म्हणजे जपानात 1997 मध्ये 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी नेमकं उलटं झालं होतं. दिग्दर्शकाला शीर्षकात नायकाचं नाव हवं होतं. निर्मात्यानं परस्पर लांडग्यांत वाढलेल्या मुलीचं नाव जाहीर केलं. त्या चित्रपटानं तिथले कमाईचे विक्रम मोडले.

हॉलिवूडमध्ये मात्र तोच खाक्या चालू राहिला. हिमराणीच्या कथेवरून सुचलेला चित्रपट 2013 मध्ये 'फ्रोझन' म्हणून आला. पहिल्या टीझरमध्ये हिममानव आणि रेनडिअर होते, दोघी बहिणींचा पत्ताच नव्हता. त्याच वर्षी 'ब्रेव्ह'मधल्या तिरंदाज मुलीला राजकन्यांच्या पंगतीत बसवताना नव्या चित्रात तिची कंबर बारीक केली, धनुष्य काढून घेतलं. निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या, तेव्हा ते चित्र संकेतस्थळावरून गुपचूप हटलं.

2016 मध्ये 'मोआना' आला. त्यात प्रेमप्रकरण नाही आणि शीर्षक मुलीचंच. युरोपात बऱ्याच ठिकाणी मात्र ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे तो 'वायाना' झाला.