ग्रंथी फुगते कशाने? फॉस्फेटवरचा आरोप शाबीत व्हायला लागलेली साठ वर्षं

डायलिसिसवरच्या माणसाला एक गोळी ‘जेवतानाच घ्या, नंतर नको’ असं बजावून दिली जाते. ती अन्नातलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस ज्या रूपात असतो ते, आतड्यातच बांधून ठेवते. फॉस्फरस वाढला की खाज सुटते, हाडं दुखतात, हे रुग्णांना सवयीने ठाऊक असतं. त्याच फॉस्फरसमुळे गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी वाढत जातात, ही गोष्ट मात्र डॉक्टरांनाही बऱ्याच उशिरा उमगली.

या पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या असतात, निरोगी माणसात एकेक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. गंमत अशी, की त्या पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या गेल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात. शवविच्छेदन करणारे होते रिचर्ड ओवेन, काळ १८५० च्या आसपासचा. माणसातल्या ग्रंथींचं रीतसर वर्णन स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये केलं.

मूत्रपिंडाच्या रोगात या ग्रंथी मोठ्या होतात, हे पॅपेनहायमर आणि विलेन्स यांनी १९३५ मध्ये मांडलं. कारण मात्र पुढची कित्येक वर्षं कॅल्शियमच्या खात्यावर टाकलं गेलं. युक्तिवाद सरळ होता: किडनी फॉस्फेट बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साठतं, त्याने कॅल्शियम उतरतं आणि ते सावरायला ग्रंथी जास्त पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं तिचं संप्रेरक, सोडते. पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप किडनीतच तयार होतं हे कळल्यावर त्याची कमतरताही या साखळीत जोडली गेली. फॉस्फेट दोषी खरं, पण आडून.

अमेरिकेत सेंट लुइसला एदुआर्दो स्लाटोपोल्स्की यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की किडनीचं काम जितकं घटेल तितकं कुत्र्यांच्या आहारातलं फॉस्फरस कमी केलं तर पीटीएच चढत नाही. १९९० मध्ये कुत्र्यांवरच्याच प्रयोगात आहारातलं फॉस्फरस तोडल्यावर पीटीएच उतरलं, आणि कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्व यांतल्या बदलाने त्याचा उलगडा होईना. इथे जुनी साखळी तुटली.

निर्णायक ठरला तो त्याच गटाचा १९९६ चा प्रयोग. किडनी निकामी केलेल्या उंदरांना दोन महिने दोन प्रकारचं खाद्य दिलं: एकात फॉस्फरस ०.२ टक्के, दुसऱ्यात ०.८. कमीवाल्यांच्या ग्रंथी निरोगी उंदरांइतक्याच राहिल्या. जास्तवाल्यांच्या ग्रंथींचं वजन दुप्पट भरलं, शरीराच्या दर ग्रॅममागे ०.८८ ऐवजी १.८० मायक्रोग्रॅम. रक्तातलं कॅल्शियम दोन्हीकडे सारखंच. मग ग्रंथी शरीराबाहेर काढून कमी आणि जास्त फॉस्फेटच्या द्रावणांत ठेवल्या. पहिले तीन तास काही फरक नाही. त्यानंतर जास्त फॉस्फेटमधल्या ग्रंथी जास्त पीटीएच सोडू लागल्या. तिथे ना आतडं, ना हाड, ना किडनी. मला तरी याहून स्वच्छ पुरावा माहीत नाही.

फॉस्फेटचा पत्ता ग्रंथीला लागतो कसा, हा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत होता. कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे ग्रंथीच्या पेशींवरचं संवेदक प्रथिन, १९९३ मध्येच सापडला होता. फॉस्फेट त्याच रिसेप्टरचं काम दाबतं, हे २०१९ मध्ये पुढे आलं. रिसेप्टर दबला की कॅल्शियम पुरेसं असूनही ग्रंथीला ते कमीच भासतं.

या साऱ्यात मला सर्वांत बोचणारी नोंद २००२ ची वाटते. वाढलेल्या ग्रंथी असलेल्या उंदरांचं फॉस्फरस तोडलं तेव्हा पीटीएच झपाट्याने खाली आलं, ग्रंथी मात्र आक्रसल्या नाहीत. माणसात प्रकरण आणखी पुढे जातं: आधी सगळी ग्रंथी सारखी फुगते, मग तिच्यात गाठी धरतात, आणि त्यातली एकेक गाठ अनेकदा एकाच पेशीची पिलावळ असते. अशी ग्रंथी पथ्याला दाद देत नाही, औषधालाही फारशी नाही. मग काही रुग्णांत सर्जन चारही ग्रंथी काढतात आणि त्यांतल्या एकीचे बारीक तुकडे फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताच्या स्नायूत रोवतात. उद्या ते तुकडे फुगलेच, तर पुन्हा गळा उघडायला नको.