ताक फुंकून पिणारे मोबाइल डेव्हलपर

फोन बनवणारी कंपनी ॲप बनवायची नवी टूल्स जाहीर करते, तेव्हा आमच्यातले जुने लोक फीचर्स बघत बसत नाहीत. ‘किती वर्षं चालणार?’ एवढंच विचारतात. हा खवचटपणा नव्हे, दुधानं तोंड पोळलेलं आहे.

सुरुवात सिम्बियन या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमची. १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि हातात मावणारे संगणक बनवणारी सायन यांनी मिळून या नावाची कंपनी काढली. प्रणालीचं मूळ सायनच्या इपॉक या आधीच्या प्रणालीत होतं. ती घडली तेव्हा हातातल्या यंत्रात मेमरी जेमतेम आणि सी++ कंपायलरमधली (कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्राममधली) एक्सेप्शनची, म्हणजे चूक झाली की काम सोडून सावरण्याची, सोय बेभरवशाची. म्हणून त्यांनी स्वतःची ‘लीव्ह’ पद्धत काढली. मध्येच बाहेर पडू शकणाऱ्या फंक्शनच्या नावाला शेवटी ‘एल’ जोडायचा आणि ते कॉल करण्याआधी आपला पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, क्लीनअप स्टॅकवर (नंतर मोकळ्या करायच्या जागांच्या यादीत) ठेवायचा. विसरलात तर मेमरी गळायची आणि कंपायलर चकार शब्द काढायचा नाही. साधी स्ट्रिंगही, म्हणजे अक्षरांची ओळही, साधी नव्हती. टीबफ, एचबफसी, टीडेस असं स्ट्रिंग ठेवणाऱ्या डिस्क्रिप्टरांचं अख्खं गोत्र पाठ करावं लागे. त्या काळच्या अडचणीवर तोडगा शहाणा होता, पण फोनची मेमरी वाढली तरी तो तसाच राहिला.

पुढे एस६०ची, म्हणजे सिम्बियनवर उभ्या असलेल्या नोकियाच्या फोन-सॉफ्टवेअरची, तिसरी आवृत्ती आली आणि जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप्स तिच्यावर चालेनात. शिवाय ॲपवर डिजिटल सही लागू लागली. चाचणीचं सर्टिफिकेट फोनच्या आयएमईआयला, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं. चुकलं की पडद्यावर यायचं, ‘सर्टिफिकेट एरर, कॉन्टॅक्ट द ॲप्लिकेशन सप्लायर’. सप्लायर म्हणजे फोन हातात धरून बसलेला तोच बिचारा!

२००८ मध्ये नोकियानं ट्रोलटेक ही कंपनी विकत घेतली आणि तिचं क्यूटी हे ॲप बनवायचं टूलकिट आलं. आता हाच रस्ता, असं डेव्हलपरांना सांगितलं गेलं आणि खरंच, क्यूटी चांगलं होतं. लोकांनी शिकून घेतलं. ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियानं मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून तिची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारली. तिच्यावर क्यूटी नव्हतंच. जे विंडोज फोनकडे वळले त्यांना जून २०१२ मध्ये कळलं, की विंडोज फोन ८ ही पुढची आवृत्ती जुन्या हँडसेटवर येणार नाही. त्याआधी एचपीनं वेबओएस प्रणालीचा टचपॅड हा टॅब्लेट बाजारात आणून ४९ दिवसांत गुंडाळला होता.

ॲपलनं वेगळा धडा दिला. एप्रिल २०१० मध्ये डेव्हलपरांशी असलेल्या करारात अट घातली: ॲप ठरावीक भाषांतच लिहायचं. ॲडोबीचं फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून आयफोन ॲप बनवणारं टूल तेव्हा बाजाराच्या उंबरठ्यावर होतं; त्याला ही अट आडवी आली. सप्टेंबरमध्ये अट सैल झाली, पण टूल चांगलं असून भागत नाही, ते वापरायची परवानगी दुसऱ्याच्या खिशात असते, हे सगळ्यांना कळून चुकलं.

यात कट वगैरे मला दिसत नाही. कंपनीचा धंदा हँडसेटचा. टूल्स त्याच्या मागून येतात. बाजार फिरला की कंपनी फिरते. आपण रात्री जागून शिकलेलं तिच्या ताळेबंदात कुठेच लिहिलेलं नसतं.

अँड्रॉइडवर कोड लिहायचं एक्लिप्स हे टूल जाऊन अँड्रॉइड स्टुडिओ आला, तो बदल त्या मानानं सौम्य. तरीही माझ्या प्रोजेक्टमध्ये हिशेबाचा सगळा कोड एका वेगळ्या फोल्डरात असतो आणि त्या फोल्डरात कुठल्याही फोन कंपनीची लायब्ररी इम्पोर्ट करायला बंदी आहे. नवीन आलेली मुलं विचारतात, एवढं सोवळं कशाला?