संगणकावरील व्हिडिओचा आवाज : बिघाड आणि शोध

इंटरनेटवरचा व्हिडिओ संगणकावर लावल्यावर चित्र दिसते, पण आवाज येत नाही, एकाच कानात येतो, खरखरतो, घुमतो किंवा ओठांच्या मागून येतो. अशा बिघाडाचे मूळ हुडकण्याची ही रीत. आवाज वेबपानावरून निघतो आणि ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, साऊंड चिप, पिन व स्पीकर असे टप्पे घेत कानापर्यंत पोचतो. शोध घ्यायचा तो यांतला कोणता टप्पा अडला याचा. सर्वसाधारण मार्गदर्शनात हा शोध सेटिंगपासून सुरू होतो आणि तारेशी संपतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर, निदान पावसाळ्यात तरी, तो उलट्या टोकाने म्हणजे पिनेपासून सुरू केलेला बरा.

आषाढात मिठाच्या बरणीला ज्या कारणाने पाणी सुटते, त्याच कारणाने हेडफोनची पिन बिघडते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ 85 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. खाऱ्या वाऱ्याने सॉकेटात आणून बसवलेले मीठ त्यामुळे ओलेच राहते. पिनेवरचा मुलामा जिथे झिजलेला असतो तिथे खालच्या तांब्या-पितळेवर हिरवट कीट चढते, आणि ती वीज नीट वाहू देत नाही. पिन फिरवली की खरखर होते, एक कान बंद पडतो, वायर अमुक कोनात धरली तरच आवाज येतो. उपाय सोपा आहे. संगणक बंद करून पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, सॉकेटात थोडा काँटॅक्ट क्लीनर मारावा, पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी आणि सगळे सुकू द्यावे. देवाची तांब्याची उपकरणी आमसुलाने उजळणाऱ्या घरात पिनेसाठीही हात आमसुलाकडे जातो, तो आवरावा. आम्ल आणि ओल सॉकेटात अडकून राहिली की कीट पुन्हा धरते.

पिनेचा सर्वांत फसवा बिघाड मात्र खरखरीचा नाही. साध्या स्टिरिओ पिनेचे तीन भाग असतात : टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि बुडाचा भाग दोघांच्या सामाईक परतीचा. हा बुडाचा जोड सुटला, किंवा पिन पूर्ण आत बसली नाही, तर दोन्ही बाजूंना केवळ डाव्या-उजव्या आवाजातला फरक ऐकू येतो. चित्रपटगीतात गायकाचा आवाज सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. तो वजा होऊन जातो आणि वाद्ये तेवढी वाजत राहतात. डबलबारी भजनाचा किंवा दशावतारी नाटकाचा साधा मोनो व्हिडिओ लावला तर दोन्ही बाजू सारख्याच असल्याने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ‘एका व्हिडिओला आवाज आहे, दुसऱ्याला नाही, म्हणजे दोष व्हिडिओचा’ हा एरवी खरा ठरणारा नियम इथे साफ चुकतो. दोष इकडचाच असतो आणि शिव्या मात्र व्हिडिओ टाकणाऱ्याला बसतात.

नेमके उलटही घडते. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून निघणारी बॅलन्स्ड तार (जिच्या एका वायरीतून आवाज आणि दुसरीतून त्याचाच उलटा जातो) कॅमेऱ्याच्या स्टिरिओ सॉकेटात थेट खुपसली, तर डावीकडे जो आवाज जातो त्याचाच उलटा उजवीकडे नोंदला जातो. असे रेकॉर्डिंग हेडफोनवर थोडे पोकळ, तरी ऐकू येते. पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर किंवा ‘मोनो ऑडिओ’ चालू असलेल्या संगणकावर दोन्ही बाजू एकत्र होऊन एकमेकींना खातात. मुंबईच्या चाकरमान्याने फोनवर ‘आवाज येत नाही’ म्हणावे आणि गावच्या माणसाने हेडफोन लावून ‘मला तर येतो’ म्हणावे, यात दोघेही खरे बोलत असतात. ऐकणाऱ्याने मोनो ऑडिओ बंद करून पाहावे. कायमचा इलाज रेकॉर्डिंग करणाऱ्याच्याच हाती असतो.

सॉफ्टवेअरकडचे अडथळे संख्येने जास्त, पण सुटायला सोपे. व्हिडिओखालचे स्पीकरचे चिन्ह, ब्राउझरचा म्यूट झालेला टॅब आणि विंडोजमधला व्हॉल्यूम मिक्सर ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ मुका असेल तर तो बिघाडच नाही, कारण 2018 पासून क्रोम अशा व्हिडिओंचा आवाज बहुधा अडवून धरतो. एचडीएमआय तारेने मॉनिटर जोडला की संगणक कधीकधी आवाज तिकडे पाठवतो, मग मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. साऊंड सेटिंगमध्ये आउटपुट बदलले की काम होते. दुसऱ्या ब्राउझरमध्येही आवाज नसेल तर संगणक पुन्हा सुरू करावा, आणि त्यानंतर ड्रायव्हरकडे, म्हणजे साऊंड चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळावे. कॉपीराइटच्या दाव्यामुळे यूट्यूबवरील व्हिडिओचा काही भाग मुका केलेला असू शकतो. तिथे आपल्याकडे करण्यासारखे काही नसते.

ब्लूटूथ हेडफोनला माइक असेल तर आणखी एक गंमत होते. एखादा व्हिडिओ कॉल मागे उघडा राहिला असेल तर हेडफोन बोलण्याच्या पद्धतीत अडकतो आणि पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. कॉल बंद केला की तो ताळ्यावर येतो. बिनतारी हेडफोनवर आवाज उशिराही पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाज चित्राच्या साधारण 45 मिलीसेकंद आधी किंवा 125 मिलीसेकंद नंतर आला तर तो फरक जाणवतो, असे धरले आहे. संवादात हा उशीर एखादे वेळी खपून जातो, झांजेच्या ठेक्यात नाही.

सतत येणारी ‘हूं’ अशी घरघर विजेची असते. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची, तेव्हा हा सूर 50 किंवा 100 हर्ट्झवर लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली, तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध वाढतो. म्हणून जाणता वायरमन त्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओतायला सांगतो. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडणारेही भेटतात. घरघर जाते, पण शॉक बसण्यापासूनचे संरक्षणही तिच्याबरोबर जाते. लाइट गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा, आहे का ते पाहावे.

मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजांचा धोका वाढतो. कडकडाट जवळ आला की चार्जर, नेटची तार आणि बाहेरचे स्पीकर तिन्ही काढून ठेवावे लागतात, कारण लाट त्यांतल्या कुठल्याही तारेने आत येऊ शकते. साऊंड चिप जळाली किंवा सॉकेट खाऊन गेले म्हणून संपूर्ण बोर्ड बदलण्याची घाई करू नये. यूएसबीला लावायचे छोटे साऊंड कार्ड मिळते, त्यात स्वतःची चिप आणि स्वतःचे सॉकेट असते. ते लावून आवाज आला तर दोष संगणकाच्या चिपेत, सॉकेटात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे एवढे नक्की होते. त्या कार्डाची पिनही धातूचीच, म्हणून आगोटीच्या सामानाबरोबर सिलिका जेलच्या चार पुड्या आणून ते झाकणाच्या डब्यात ठेवतात.